अर्धं बॉनेट

केयूर म्हणाला, बेन, नाइन एच आहे,
काचेहून कडक, पाच वर्षं बघायला नको.
मी म्हटलं, अरे, नाइन एच म्हणजे पेन्सिल.
एकोणतीस वर्षं मकरपुऱ्यात, रंगाच्या प्रयोगशाळेत,
मी त्याच पेन्सिली पत्र्यावर ढकलल्या,
पंचेचाळीस अंशांत, वजन मोजून.
चित्रकलेच्या दुकानात मिळते. लाकडाची असते.
पोरं चावतात.

तो हसला. त्याला वाटलं, मी भाव पाडतेय.
बावीस हजारांवरून अठरावर आला.
लाव म्हटलं सगळ्या गाडीला,
पण बॉनेट उजवं अर्धंच.
मधोमध मी स्वतः चिकटपट्टी ताणून दिली.
सुभानराव गच्चीवरून ओरडले,
गाडीची अर्धी दाढी करून सोडलीस की!

पहिले महिनाभर, खोटं कशाला बोलू,
उजवीकडे पाणी मोहरीसारखं गोल,
घरंगळत थेट बंपरवर;
डावीकडे सारवल्यासारखं पसरलेलं.
कुंजबालाबेन चहाचा कप हातात घेऊनच बघायला आल्या.
कारखान्यांकडून वारा आला की बसते ती काळी पूड
उजवीकडची एका फडक्यात गेली.
तसं लिहिलं वहीत, तारीख घालून.

उत्तरायणाला कुणाचा तरी पतंग कटला.
मांजा बॉनेटवर आडवा,
आणि वरून पोरगं ओढतंय, काप्यो छे, काप्यो छे!
रेघ डावीकडून निघाली,
चिकटपट्टीची जागा ओलांडून उजवीकडे गेली,
कुठे अडखळली नाही.
भिंगातून पाहिलं. खोली तीच.
वजन माहीत नाही, कोन माहीत नाही,
म्हणून हा पुरावा धरता येणार नाही, असं मी लिहिलं
आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

मग उन्हाळा, आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी.
थेंब गोल राहतो, म्हणजे जागीच वाळतो,
मागे पांढरं कडं.
चैत्र संपेपर्यंत उजव्या बाजूला देवीचे वण उठले,
डावी आपली साधी मळकट, तोंड न धुतलेल्या मुलासारखी.
केयूर म्हणाला, दर तीन महिन्यांनी आमच्याकडे धुवायची,
बावीसशे फक्त,
नाहीतर वॉरंटी जाते.

वटवाघळांचं मात्र सांगायला हवं.
जांभळं खाऊन रात्री त्यांनी जे केलं
ते उजवीकडचं व्हिनेगरनं निघालं,
डावीकडे अजून सावली आहे,
नकाशातल्या एखाद्या बेटासारखी.
एवढं त्याच्या पदरात घातलं.

भाद्रपदात नातीच्या कंपासमधला कोनमापक घेऊन
गुडघे टेकून बसले गाडीसमोर.
थेंब बसका होत चालला होता.
माणसं बसकी होतात तसा, कळत नाही कधीपासून.

वर्षानं केयूरला बोलावलं. वही दिली.
तो उभ्यानंच वाचत राहिला, ओठ हलवत.
मग बॉनेटच्या डाव्या अर्ध्यावरून हात फिरवून म्हणाला,
बघा ना बेन, कोटिंगची बाजू अजून कशी गुळगुळीत.
मी काही बोलले नाही.
वणांकडे बघून त्याचं त्यालाच कळलं.

त्याच्या बोटांची कातडी सोललेली होती.
हातमोजे का घालत नाहीस, विचारलं.
फडकं नीट कळत नाही म्हणे त्यात.
कंपनीचा माणूस सुरतेहून येतो, दोन तास शिकवतो,
तो जे सांगतो ते मी तुम्हाला सांगितलं.
शटरचे हप्ते चालू आहेत.

सरबत प्यायला. जाताना म्हणाला,
पुढच्या वेळी तुम्हाला सूट देतो, लिहूनच देतो.
त्याच्याकडे पेन नव्हतं.
मी खणातली माझी जुनी पेन्सिल दिली.
त्यानं जोर लावून बिलाच्या पाठीवर आकडा लिहिला,
खाली सही केली.

नाइन एच कागदावर उमटतच नाही धड.
किती सूट दिली,
ते मला चष्मा लावून, उजेडात धरूनही
अजून वाचता आलेलं नाही.